महंमद तुघलकाला दक्षिण राखता आली असती काय?

बीड शहराजवळ कर्झनी म्हणून एक गाव आहे. तेथे एक जुनी घुमटी असून ती एका दाताची कबर आहे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. साधुसंतांच्या समाध्या आणि सरदारांच्या छत्र्या आपण पुष्कळ पाहतो; पण दाताची कबर क्वचितच कोणी ऐकली असेल. हा दात कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हे, तर दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याचा. सन 1335 च्या सुमारास मदुरेकडील सुभेदाराने बंड केले, ते मोडण्यासाठी सुलतान दक्षिणेत उतरला. वारंगळ येथे छावणीत साथ पसरली, माणसे पटापट दगावली, स्वतः सुलतानही अंथरुणाला खिळला आणि मोहीम अर्धवट टाकून त्याला मागे फिरावे लागले. परतीच्या वाटेवर बीड मुक्कामी त्याचा दात ठणकू लागला. तो दात काढला, मोठ्या थाटाने पुरला आणि वर इमारत उठविली, अशी हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

ऐकून हसू यावे अशीच ही गोष्ट आहे. पण दात गेला त्या वेळी दक्षिण अजून सुलतानाच्या हाती होती, आणि पुढे दहा-बारा वर्षांतच तीही गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू ओसरते. एवढा मोठा बादशहा, एवढे सैन्य, एवढा खजिना. मग राज्य हातचे गेले कसे? आणि ते राखता आले असते काय? आपल्याच मुलुखात घडलेल्या या इतिहासाचा चार पानांत विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

शाळेच्या पुस्तकातून आपण त्याला ‘वेडा महंमद’ म्हणूनच ओळखतो. कोणी लहरीपणाने हुकूम काढले की आपण ‘तुघलकी कारभार’ म्हणून मोकळे होतो. वेडा म्हटले की विचार करण्याचे काम उरत नाही. पण त्याच्या दरबारात वावरलेल्या माणसांनी जे लिहून ठेवले आहे, ते वाचले तर हा मनुष्य वेडा होता असे म्हणवत नाही. सन 1325 मध्ये तो गादीवर आला. तर्कशास्त्र, वैद्यक, गणित, काव्य यांत त्याची गती होती. अक्षर सुंदर होते. दानधर्माला हात सैल होता.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत काही वर्षे काझी होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग असा की, एका मुलाने सुलतानाविरुद्ध काझीकडे दाद मागितली. सुलतानाने आपल्याला विनाकारण मारले, अशी त्याची तक्रार होती. निकाल मुलाच्या बाजूने लागला. तेव्हा सुलतानाने आपल्या हाताने त्या पोराला छडी दिली आणि मी तुला मारले तसेच मला मार, म्हणून बजावले. पोराने 21 छड्या मारल्या, तेव्हा सुलतानाच्या डोक्यावरची टोपी उडून पडली. असा राजा निव्वळ दुष्ट होता असे कसे म्हणावे?

त्याच्या योजनाही अगदीच टाकाऊ नव्हत्या. चांदीच्या नाण्याऐवजी हलक्या धातूचे नाणे चालवावे, ही कल्पना त्या काळी नवी होती. परंतु चीनमध्ये तर कागदाचे चलन चालू होते. चूक झाली ती एवढीच की, खोटे नाणे ओळखण्याची सोय केली नाही. घरोघर टांकसाळी निघाल्या. अखेर सुलतानाने आपला शब्द राखला, आणि ज्याने जेवढी नाणी आणून दिली तेवढ्यांची सोन्याचांदीत परतफेड केली. खजिना रिकामा झाला, पण शब्द मोडला नाही. दुष्काळात शेतकऱ्यांना विहिरी व बियाण्यासाठी तगाई द्यावी, पडीक जमीन लागवडीस आणावी, याकरिता त्याने वेगळे खातेच काढले होते.

राजधानी देवगिरीस आणण्याचा बेतही नकाशा समोर ठेवून पाहिला तर समजण्यासारखा आहे. देवगिरीच्या यादवांचे राज्य सन 1318 च्या सुमारास कायमचे बुडाले होते आणि दक्षिण नवी जिंकलेली होती. इब्न बतूताच्या सांगण्याप्रमाणे दिल्लीहून दौलताबादची वाट 40 दिवसांची. इतक्या दुरून कारभार होत नाही, म्हणून मध्यवर्ती ठाणे हवे, हा विचार बरोबरच होता. सन 1327 मध्ये त्याने आपल्या मातोश्रींसह राजवाड्यातील मंडळी आधी पाठविली, वाटेवर झाडे लावली, मुक्कामाच्या जागा केल्या. दिल्ली अगदी ओसाड केली, ही गोष्ट आजचे अभ्यासक अक्षरशः खरी मानत नाहीत. तथापि सरदार, विद्वान, मौलवी, व्यापारी अशी पुष्कळ घरे सक्तीने हलविली यात शंका नाही.

त्या घरांपैकी एका घरात इसामी नावाचा मुलगा होता. त्याचे आजोबा 90 वर्षांचे. त्यांना बिछान्यातून उठवून वाटेला लावले आणि दिल्लीजवळच्या पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, ते वारले. घर हलविणे म्हणजे काय, हे आपणा स्त्रियांना सांगायला नको. चूल मोडायची, तुळशीपासून जात्यापर्यंत सगळे मागे टाकायचे आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन परक्या गावी पुन्हा चूल मांडायची, हे हुकमाने होत नाही. दोन वेळा समजावून, धीर देऊन, हळूहळू होते. सुलतानाला हळूहळू हा शब्द ठाऊक नव्हता. काही वर्षांनी त्याच लोकांना दिल्लीस परत जाण्याची मुभा दिली, म्हणजे दोन्ही वेळा घरे मोडली. तो इसामी पुढे मोठा झाला, कवी झाला आणि सन 1350 मध्ये त्याने सुलतानाच्या शत्रूच्या आश्रयाला राहून इतिहासकाव्य लिहिले. आजोबांचे मरण तो विसरला नव्हता.

लोक चिडले होते, ते दिल्लीत आणि बाहेरही. चिडलेले लोक सुलतानाला शिव्या देणारी पत्रे रात्री दरबाराच्या वाड्यात टाकीत, असेही इब्न बतूता सांगतो. परंतु लोकांच्या चिडण्याने राज्य गेले नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. गंगा-यमुनेच्या दुआबात कर वाढला, दुष्काळ पडला, शेतकरी रानात पळाले; तरी दिल्लीची गादी हलली नाही. आपल्याकडील रयत तर तेव्हा कोणाच्या खिजगणतीतच नव्हती. तो काळ नामदेव महाराजांचा. वारकरी पंढरीची वाट चालत होते, शेतकरी वसूल भरीत होता आणि देवगिरीच्या किल्ल्यावर निशाण कोणाचे आहे याची त्याला फारशी उठाठेव नव्हती. दक्षिण गेली ती रयतेच्या बंडाने नव्हे, तर सुलतानाच्या स्वतःच्या अंमलदारांच्या बंडाने. हा सारा उलगडा त्यातच आहे.

सुलतान ज्यांच्यापुढे मान लववी अशी दोन माणसे होती. एक त्याची आई, मखदूमा-ए-जहान. ही बाई मोठी दानशूर. तिने वाटसरूंसाठी अन्नछत्रे आणि धर्मशाळा चालविल्या. तिची दृष्टी गेली होती. मुलगा भेटीस आला की सर्वांसमक्ष तिच्या पायांचे चुंबन घेई. तिच्या आश्रयावर कितीतरी कुटुंबे जगत होती. एका मोहिमेच्या वाटेवर असताना सुलतानाला तिच्या मृत्यूची बातमी कळली.

दुसरा मनुष्य म्हणजे कुतलुघखान. हा सुलतानाचा लहानपणचा गुरू. दौलताबादचा कारभार, म्हणजे आपल्या सर्व मराठी मुलुखाचा कारभार, याच्याकडे होता. दक्षिणेत त्याच्या वेळीही बंडे झाली. नुसरतखान नावाच्या एका गृहस्थाने तीन वर्षांत एक कोटी टंक वसूल भरण्याच्या बोलीवर बीदरचा प्रांत घेतला. एवढी रक्कम तेथून निघणे शक्यच नव्हते. ती भरता येईना तेव्हा प्राणभयाने तो बंड करून बसला. त्यानंतर अलीशहा नावाच्या अंमलदाराने गुलबर्ग्याकडे उठाव केला. कुतलुघखानाने दोन्ही बंडे मोडली. लोकांचा याच्या शब्दावर भरवसा होता. शत्रूही त्याच्या अभयावर विसंबून किल्ल्याखाली उतरत. झियाउद्दीन बरनी हा 17 वर्षांहून अधिक काळ सुलतानाच्या जवळ राहिलेला इतिहासकार. त्याने स्पष्ट लिहिले आहे की, दक्षिणेतील लहानथोर सर्वांना या खानाचा आधार वाटत असे.

आणि नेमक्या याच माणसाला सुलतानाने सन 1344-45 च्या सुमारास परत बोलाविले. कारण काय, तर वसूल कमी येतो. खानाच्या हाताखालचे लोक पैसे खातात, असे कोणी कानाशी लागून सांगितले. हाताखालच्या लोकांची चौकशी करण्याऐवजी सुलतानाने वरचा माणूसच उचलला. मराठी मुलुखाचे चार भाग केले आणि कडक वसुली करणारे अंमलदार नेमून दिले. कुतलुघखानाच्या जागी तात्पुरता त्याचा भाऊ आला. तो सज्जन, पण त्याचा दरारा नव्हता. ही बातमी पसरताच मुलुखात हळहळ झाली, आणि आता काही खरे नाही असे जो तो म्हणू लागला. दात कोरून पोट भरत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. वसुलीचे चार टंक वाढविण्यासाठी सुलतानाने जे घालविले, त्याची किंमत कोणत्याच वहीत मांडलेली नव्हती.

आता ‘अमिरान-ए-सदा’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. शंभरांचे अंमलदार, असा त्याचा अर्थ. सुमारे शंभर गावांचा वसूल गोळा करणारे आणि वेळ पडली तर स्वार घेऊन लढणारे हे मधल्या फळीतले लोक. दिल्लीचे राज्य गावात दिसे ते यांच्याच रूपाने. सुलतानाला संशय आला की, सगळ्या बंडांच्या मुळाशी हेच आहेत. माळव्यात धार येथे अझीझ खम्मार नावाचा नवा अधिकारी जाण्यास निघाला, तेव्हा त्याला या लोकांबद्दल सावध राहण्याची सूचना मिळाली. अझीझने धारला पोहोचल्यावर 89 अंमलदारांना गोळा केले आणि राजवाड्यासमोर एकदम सर्वांची मुंडकी उडविली. त्यांतील प्रत्येकाचा गुन्हा काय, हे कोणी विचारले नाही. सुलतानाने काय करावे? अझीझला बेड्या घालाव्यात की नाही? त्याने उलट शाबासकीचे पत्र आणि मानाचा पोशाख पाठविला.

त्या दिवशी दक्षिण गेली, असे मला वाटते. पुढची दोन वर्षे ही नुसती अंमलबजावणी होती. गुजरातचे अंमलदार उठले. दौलताबादच्या अंमलदारांना हुकूम आला की, स्वार घेऊन भडोचकडे निघा. ते निघालेही. पण पहिल्याच मुक्कामी त्यांच्या मनात आले की, आपल्याला धारच्या भावांच्याच वाटेने नेत आहेत. त्यांनी बरोबरच्या दरबारी माणसांना मारले, परत फिरून किल्ला घेतला, खजिना लुटला आणि इस्माईल मख नावाच्या वृद्ध सरदाराला सुलतान केले. महंमद तुघलक स्वतः धावून आला. लढाईत तो जिंकला, किल्ल्याला वेढाही पडला. तेवढ्यात गुजरातेत तघी नावाच्या माणसाने बंड केल्याची बातमी आली आणि सुलतान वेढा सोडून तिकडे धावला. मागे हसन नावाच्या सरदाराने शाही सेनापतीला बीदरजवळ ठार केले. इस्माईल मखने आपण होऊन गादी सोडली, आणि 3 ऑगस्ट 1347 रोजी हसन हा अलाउद्दीन बहमनशहा या नावाने सुलतान झाला. बहमनी राज्य ते हेच. बीडचा मुलूखही त्यात गेला.

येथे दूरच्या एका राजाची आठवण होते. रोमचा सम्राट नीरो हा जगाच्या इतिहासात बदनाम आहे. सन 68 मध्ये त्याच्याविरुद्ध गॉल प्रांतात उठाव झाला. तो उठाव ऱ्हाइन नदीवरच्या रोमन फौजेने मोडूनही काढला. म्हणजे पहिला वार चुकला होता. तरीही नीरो वाचला नाही. प्रांताधिकाऱ्यांना आणि राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना त्याचा भरवसा उरला नव्हता. कोणाला केव्हा मरणाचा हुकूम येईल याचा नेम नव्हता. पहारेकऱ्यांनी पाठ फिरविली, सिनेटने त्याला शत्रू ठरविले आणि त्याने आत्महत्या केली. नवल असे की, रोममधील सामान्य लोकांपैकी काही जण पुढे कित्येक वर्षे त्याच्या कबरीवर फुले वाहत होते. लोकांच्या रागाने तो पडला असे म्हणता येत नाही. ज्यांच्या हातांनी तो राज्य करीत होता, ते हात भयाने सुटले. महंमद तुघलक मरेपर्यंत दिल्लीच्या गादीवर राहिला, हा फरक खरा. पण दक्षिण गेली ती याच रीतीने.

मग ती राखता आली असती काय? माझ्या मते आली असती, आणि त्यासाठी मोठे सैन्य किंवा नवा खजिना लागत नव्हता.

पहिली गोष्ट, कुतलुघखानाला जागचा हलवायचा नव्हता. वसूल थोडा कमी आला असता, पण मुलूख राहिला असता. दुसरी गोष्ट, धारच्या हत्येनंतर अझीझची उघड चौकशी व्हावयास हवी होती. जो राजा एका पोराच्या हातून 21 छड्या खाऊ शकतो, त्याला हे अवघड नव्हते. स्वतःच्या हातून झालेला अन्याय तो भरून देई. आपल्या नावाने दुसऱ्याने केलेला अन्याय मात्र त्याला अन्यायच वाटला नाही. तिसरी गोष्ट, दौलताबादच्या अंमलदारांना भडोचला बोलावण्यापूर्वी त्यांना अभय द्यावयास हवे होते, आणि ते अभय खरे वाटेल अशा माणसाच्या तोंडून. असा माणूस एकच होता, आणि त्याला तर परत नेलेले होते.

यावर कोणी म्हणेल की, दिल्लीहून दक्षिण कायमची राखणे कोणालाच जमले नसते. पुढे औरंगजेबाने आयुष्याची 25 वर्षे दक्षिणेत घालविली आणि सन 1707 मध्ये तो अहमदनगर येथे निराश होऊन वारला. हा आक्षेप खरा आहे. शंभर वर्षांनी दक्षिण वेगळी झालीही असती. परंतु महंमद तुघलकाच्या हयातीत ती जाण्याचे कारण अंतर नव्हते. त्याच 40 दिवसांच्या अंतरावर कुतलुघखानाने ती वर्षानुवर्षे सांभाळून दाखविली होती. 

सुलतानाला हे कोणी सांगितले का नाही? याचे उत्तर बरनीने दिले आहे, आणि ते वाचताना मन विषण्ण होते. बंडांनी जेरीस आलेल्या सुलतानाने एकदा त्यालाच विचारले की, माझे राज्य आजारी आहे, एक दुखणे बरे केले की दुसरे उठते. पूर्वीचे राजे यावर काय उपाय करीत? बरनीने भीत भीत सांगितले की, असे झाले असता कोणी मुलाकडे गादी देऊन बाजूला झाले, तर कोणी कारभार प्रधानांवर सोपविला. सुलतानाचे म्हणणे पडले की, राज्याची घडी बसली म्हणजे आपणही तसे करू. तूर्त मात्र लोक सुधारेपर्यंत शिक्षा थांबणार नाही. ही सारी बंडे तुमच्याच कडक शिक्षांचे फळ आहेत, एवढे एक वाक्य बरनीच्या ओठांवर होते. पण जीवाच्या भीतीने ते बाहेर पडले नाही. त्याची रुखरुख त्याने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. आई गेली होती, गुरू दूर केला होता, आणि जवळ उरलेले सगळे बरनीसारखे गप्प होते. 

तघीचा पाठलाग करीत सुलतान तीन वर्षे गुजरात-सिंधमध्ये फिरला. मार्च 1351 मध्ये सिंधू नदीच्या काठी ठठ्ठ्याजवळ तो तापाने मेला. दक्षिणेकडे वळणे त्याला पुन्हा जमलेच नाही.

त्याच्या मागे चुलतभाऊ फिरोझ गादीवर आला. फिरोझ विद्वत्तेत महंमदाच्या जवळपासही नव्हता, आणि त्याच्या राज्यातही पुष्कळ उणे होते. दक्षिण परत घेण्याच्या भरीस तो पडला नाही. परंतु त्याने एक गोष्ट केली. महंमदाच्या हुकमाने ज्यांचे प्राण गेले किंवा हातपाय तोडले गेले, त्यांच्या वारसांना आणि त्या पीडितांना शोधून भरपाई दिली, आणि आम्ही सुलतानाला क्षमा केली आहे, अशी साक्षीनिशी पत्रे त्यांच्याकडून लिहून घेतली. ती सारी पत्रे एका पेटीत घालून महंमदाच्या कबरीच्या उशाशी ठेविली. तगाईची थकलेली कर्जेही त्याने माफ केली. फिरोझने 37 वर्षे राज्य केले.

दात आणि ओठ आपलेच असले की कोणाला दोष द्यावा, असे आपण म्हणतो. महंमद तुघलकाने ओठाला लागलेल्या दातांवर संशय घेतला आणि ते एकदम उपटून काढले. मग तोंडात काही राहिले नाही, हे ओघानेच आले. माणसे जोडून ठेवण्याची ही रीत केवळ राजांनाच लागते असे नाही. घरात सासूला, गावात पुढाऱ्याला आणि आपल्यासारख्या मंडळात अध्यक्षीणबाईंनाही ती तितकीच लागते. हिशेब चोख हवाच. पण ज्या बाईच्या शब्दाखातर चार घरच्या बायका सभेला येतात, तिला हिशेबातील एका चुकीपायी दूर करण्यापूर्वी दहादा विचार करावा. आणि वरच्या माणसाचे चुकत असेल तर ते तोंडावर सांगणारी निदान एक तरी मैत्रीण मंडळात असावी, व तिने ते सांगितल्यावर तिची खुर्ची जाऊ नये.

कर्झनीच्या वाटेने कधी जाणे झाले तर भगिनींनी ती घुमटी अवश्य पाहावी. मुलांनाही दाखवावी, आणि त्यांनी ‘वेडा महंमद’ म्हटले की कुतलुघखानाचे नावही त्यांना सांगावे. एकट्या दाताची गोष्ट सांगून भागत नाही.